आधी पाय मोजा

निविदेत फरशीसाठी एकच ओळ होती : ‘ट्रिमिक्स, एम-३०, सहा इंच, ९०० चौ. मी.’ त्याच पानावर शटरला चार ओळी दिल्या होत्या, अगदी रंगासकट.

ही २०११ सालची गोष्ट. कॉटन ग्रीनजवळचं जुनं गोदाम, २० मीटर रुंद आणि ४५ मीटर लांब. पूर्वी तिथे धान्याच्या गोणी असायच्या, आता औषधं येणार होती. शेठनी मला बोलावलं ते फक्त ठेकेदाराचा दर तपासायला. मी लालबागचा, चालत दहा-पंधरा मिनिटांवर राहणारा, म्हणून माझी फी कमी असेल असाही त्यांचा हिशेब असावा.

“शेठ, यावर ठेवणार काय?”

“औषधं. हलका माल. तरी चौरस मीटरला पाच टन धरा, भरपूर झालं.”

“आणि रॅक?”

“रॅक तर येणारच. जमिनीवरचा माल सोडून वर चार कप्पे.”

गोणी जमिनीवर थप्पी लावून ठेवल्या की वजन सगळीकडे पसरतं, तिथे चौरस मीटरचा हिशेब चालतो. रॅक मात्र पायांवर उभा असतो. सलाइनच्या बाटल्यांचं पॅलेट टनाच्या आसपास जातं. एका कप्प्यावर दोन पॅलेट, असे चार कप्पे, आणि मधला पाय दोन्ही बाजूंच्या खणांचा भार घेतो, म्हणजे मधल्या प्रत्येक पायावर चार टन. पायाखालची लोखंडी पाटी चार इंच बाय चार इंच. त्या पाटीखाली चौरस मीटरमागे जवळपास ४०० टनांचा दाब पडतो. रॅक पाठीला पाठ लावून उभे केले की दोन पाय फूटभर अंतरात येतात, आणि तिथे आठ टन.

शेठना हे आकडे पटेनात. मग मी त्यांना गणपतीची ट्रॉली आठवायला सांगितली. परळच्या कारखान्यातून मोठी मूर्ती निघते तेव्हा रस्ता मऊ दिसला की पोरं धावत पुढे जाऊन चाकांखाली लोखंडी पत्रे सरकवतात. ट्रकभर माणसं त्याच डांबरावरून जातात तेव्हा काही होत नाही. ट्रॉलीचं बारकं चाक मात्र रुततं. शेठ भायखळ्याचे, त्यांच्या मंडळाची ट्रॉली एकदा अशीच अडकली होती. “म्हणजे सहा इंच पुरणार नाहीत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “अजून खालची जमीन बघायची आहे.”

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते. साचे हादरतात म्हणून ते खातं तळाला आणि सूतखातं वरच्या मजल्यांवर, हे मला इंजिनिअरिंगला जायच्या आधीपासून माहीत होतं. गिरणीत आधी यंत्र ठरायचं, मग त्याच्याखालची जमीन. आता आधी कोबा घालून घेतात आणि यंत्र नंतर शोधतात.

कॉटन ग्रीनची जमीन ही मुळात जमीनच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी भराव घातला, त्यावर ही सगळी गोदामं उभी राहिली. आम्ही जुनी फरशी फोडून तीन खड्डे घेतले. दोन खड्ड्यांत मुरूम आणि दगड लागले. तिसऱ्यात, समुद्राकडच्या कोपऱ्यात, चार फुटांवर खाजणाची काळी, वास मारणारी माती. साडेसातशे मिलिमीटर व्यासाची लोखंडी प्लेट ठेवून, वर भरलेल्या ट्रकचा आधार घेऊन जॅकने दाबली. दोन खड्ड्यांपाशी प्लेट किती खचली ते दाखवणारा काटा ठीक थांबला, तिसऱ्यापाशी तो चालतच राहिला. तो कोपरा आणखी खणून दगडाने भरला, थर देऊन रोलर फिरवला. शेठच्या दृष्टीने हा सगळा खर्च मातीत गेला, आणि शब्दशः तो गेलाही होता.

मग मी त्या एका ओळीची दोन पानं केली. जाडी आठ इंच. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद, कारण भरतीच्या वेळी इथे ओल वर चढते आणि औषधाचे खोके ती पितात. चार-चार मीटरचे चौकोन. सपाटी अशी की तीन मीटरची पट्टी टाकल्यावर कुठेही तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. ठेकेदार यावर हसला. “साहेब, कॅरम खेळायचाय का?” फोर्कलिफ्टच्या चाकांमध्ये मीटरभर अंतर असतं. एक चाक तीन मिलिमीटर खाली गेलं तर सहा मीटर उंचीवर फोर्कलिफ्टचा उभा दांडा अठरा मिलिमीटर कलतो. हे जमिनीवर खडूने काढून दाखवल्यावर त्याने पट्टी स्वतःच बनवून आणली.

दिवसा अवजड गाड्यांना बंदीच्या वेळा, म्हणून काँक्रीट रात्री. चार मीटरचे पाच पट्टे : आधी पहिला, तिसरा, पाचवा, मग मधले दोन. एका पट्ट्याला ३६ घनमीटर, म्हणजे सहा गाड्या. तिसऱ्या रात्री पाचवी गाडी दोन तास अडकली. पूर्व मुक्त मार्गाचं काम चालू होतं, रस्ता अर्धा बंद. गाडी आली तेव्हा आतलं काँक्रीट घट्ट होत चाललं होतं. ड्रायव्हरने नळीला हात घातला. “साहेब, थोडं पाणी मारतो, लोण्यासारखं होईल.” लोण्यासारखं होतंही. पण असं पाणी नंतर पृष्ठभागावर येतं, वरचा पापुद्रा कच्चा राहतो आणि वर्षभर फरशी पीठ सोडते. औषधाच्या गोदामात हे चालणार नव्हतं. गाडी परत पाठवली. पट्टा पाचव्या गाडीपाशी जॉइंट घेऊन थांबवला. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पट्ट्यांचे चौकोन करणारे आडवे काप मात्र वेळेवर पडले. काँक्रीट सुकताना आकसतं आणि आकसताना फाटतं, आपण फक्त कुठे फाटायचं ते सांगायचं. मिस्त्री पहाटे नखाने कड खरवडून बघायचा. खडी उडत नाही असं दिसलं की करवत सुरू, दोन इंच खोल. दुपारपर्यंत थांबलो असतो तर मे महिन्याच्या उन्हात फरशीने आपली रेघ आपणच मारली असती. मग चौदा दिवस ओलं गोणपाट. मागे वर्षभर अनेकांना पाणी मारताना बघून मी शिकलो की सातव्या दिवशी पाणी मारणारा माणूस हमखास गावाला जातो. म्हणून इथे दोन माणसं ठेवली.

आता माझी चूक. पट्ट्यांमधले उभे जॉइंट रॅकच्या पोटाखाली यावेत, वाटेत येऊ नयेत, असं मी आखलं होतं. फोर्कलिफ्टची चाकं लहान आणि कडक असतात, जॉइंटची कड तीच फोडतात. काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी रॅकवाल्याने एक वाट मीटरभर सरकवली. तो नकाशा शेठकडे आला होता, मी मागितला नाही. ज्याला त्याला ‘काय ठेवणार, कुठे ठेवणार’ विचारत फिरणारा मी, शेवटच्या आठवड्यात तेच विचारायला विसरलो. तिसऱ्या आणि चौथ्या पट्ट्यामधला जॉइंट बरोबर चाकाखाली आला.

दोन वर्षांनी शेठनी फोन करून बोलावलं. खाजणाचा कोपरा हलला नव्हता, रॅक ओळंब्यात होते, हात फिरवला तर बोटाला धूळ लागत नव्हती. फक्त त्या एका जॉइंटची कड दहा-बारा जागी फुटली होती. इपॉक्सी भरून घेतली, पैसे मी दिले. ती दर दीड-दोन वर्षांनी पुन्हा भरावी लागते.