पुठ्ठ्याचं पॅरिस

सीन नदीच्या काठी, निळसर धुक्यात, जीन केली आणि लेस्ली कॅरॉन नाचतात. 'अॅन अमेरिकन इन पॅरिस'मधला हा प्रसंग मी कितीदा पाहिलाय. तो नदीकाठ कॅलिफोर्नियात, एमजीएमच्या स्टुडिओत उभारलेला होता हे कळलं, तेव्हा माझी नजर देखाव्यावरून तिच्या पावलांवर आली. त्या सगळ्या पुठ्ठ्याच्या पॅरिसमध्ये ती पावलं तेवढी पॅरिसची होती.

लेस्लीचा जन्म १९३१चा, पॅरिसलगतच्या बुलोनमधला. आई अमेरिकन नर्तकी, वडील फ्रेंच औषधविक्रेते. युद्धाची वर्षं जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात अर्धपोटी गेली. बॅलेत नाचताना केलीनं तिला हेरलं आणि एकोणिसाव्या वर्षी ती हॉलिवूडला पोचली. शूटिंगच्या तोंडावर तिनं केस मुलासारखे कापून टाकले. ते वाढेपर्यंत स्टुडिओ खोळंबला. कॅमेऱ्यापुढे ती लवकर थकायची. युद्धातली उपासमार अजून अंगात होती. तरी शेवटच्या सतरा मिनिटांच्या बॅलेत ती वाऱ्यावरच्या पानासारखी हलकी दिसते.

माझा जीव मात्र 'लिली'त (१९५३) अडकलाय. सोळा वर्षांची अनाथ पोर वडिलांच्या ओळखीच्या पाववाल्याचं दार शोधत गावात येते, तर तो वारलेला. जत्रेतल्या खेळवाल्यांकडेही तिचा निभाव लागत नाही. रात्री ती जीव द्यायला उंच शिडी चढू लागते, तेवढ्यात एक हातबाहुला तिला हाक मारतो. ती खाली उतरते, त्याच्याशी बोलू लागते. पडद्यामागे माणूस आहे हे ती विसरते, आणि तिचे ते मोठाले डोळे पाहताना आपणही विसरतो. भुकेल्या पोराला कुणी नावानं हाक मारली की त्याचा चेहरा कसा उजळतो, हे लेस्लीला कुणी शिकवावं लागलं नसेल. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं.

'जीजी'ला (१९५८) नऊ ऑस्कर मिळाले. त्यात तिची गाणी गायिका बेटी वाँडच्या आवाजात आहेत. एका मुलाची आई झालेली लेस्ली तिथंही अल्लड पोरच होती. हॉलिवूडला ती मोठी व्हायला नको होती.

मोठी झाली ती लंडनमध्ये. 'द एल-शेप्ड रूम'मध्ये ती लग्नाविना गरोदर राहिलेली बाई आहे. ढेकणांनी भरलेल्या भाड्याच्या खोलीत राहणारी. नाच नाही, बाहुले नाहीत. नामांकन पुन्हा मिळालं. त्या खोलीत ती एकटी बसते, तेव्हा मला शिडीवरची लिली आठवते. या वेळी हाक मारायला कुणी नसतं. ती आपली आपणच उठते.