गोधडीची मजुरी

जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आमच्या आयाबायांनी गरिबीपोटी शिवल्या. तोच धावदोरा आज दिवाणखान्यात मिरवतो. आम्ही वस्तीतल्या भगिनी आता रंग जुळवून, माप घेऊन ठिगळे लावतो. उशांचे अभ्रे, पलंगपोस, पडदे शिवतो. ठिगळाची आम्हाला लाज नाही. मगधातील बांधांनी आखलेली भातशेते दाखवून तथागतांनी आनंदाला तसेच चीवर करायला सांगितले, असे विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तुकडे जोडलेले ते चीवर भिक्खू आजही पांघरतात.

‘जुन्या चिंध्या, त्यांची कसली मजुरी?’ असे गिऱ्हाईक विचारते. भगिनींनो, चिंधी जुनी असेल, आपले कष्ट ताजे आहेत. टाक्याटाक्याचा हिशेब मांडा. बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान आपल्या दरातही दिसला पाहिजे!