हसऱ्या दादाची मागची बाजू

"खाला, हे बघ, ही तूच आहेस," म्हणत भाचीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक जपानी तरुण मुलांकडून कसरत करून घेत होता. तोंडभर हसू, आणि दुसऱ्याच क्षणी डोळे विझलेले. मी 17 वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवते. भाची गमतीनं बोलली, पण मला ते लागलं.

त्याचं नाव 'उरामिची ओनीसान'. ओनीसान म्हणजे मोठा भाऊ, दादा. गाकू कुझे यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2017 पासून इंटरनेटवर येऊ लागली आणि 2021 मध्ये तिच्यावर 13 भागांची अ‍ॅनिमे मालिका निघाली. जपानच्या एनएचके वाहिनीवर 1959 पासून लहान मुलांचा एक कार्यक्रम चालत आलाय. त्यात गाणी शिकवणारे, कसरत घेणारे दादा आणि ताई असतात. कुझे यांनी तसाच एक कार्यक्रम कल्पून त्याची पडद्यामागची बाजू दाखवलीय.

उरामिची 31 वर्षांचा, एकेकाळचा जिम्नॅस्ट. त्याचं आडनाव ओमोता. जपानीत 'ओमोते' म्हणजे दर्शनी बाजू, 'उरा' म्हणजे मागची. बिचाऱ्याच्या नावातच दोन्ही. सोबतची उतानो 32 वर्षांची. गायिका म्हणून नाव कमवायचं राहून गेलं, आणि इतकी वर्षं सोबत असलेला मित्र लग्नाचं नाव काढत नाही. सशाच्या आणि अस्वलाच्या पोशाखात घामाघूम होणारे दोघं उरामिचीचे कॉलेजातले ज्युनियर. दिग्दर्शकाची लहर फिरली की कुणालाही काहीही घालून नाचावं लागतं.

मुलं निरागसपणे काही विचारतात, आणि हा दादा थकव्याचं, एकटेपणाचं खरं खरं सांगून मोकळा होतो. मग पुन्हा हसून उड्या मारायला लावतो. मी खूप हसले. मग हसू थांबलं.

अब्बांच्या दफनानंतर चौथ्या दिवशी मी वर्गात उभी होते. रजा संपली होती. पावसाचं गाणं होतं, हातवाऱ्यांसकट. एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही रडलात?" मी म्हटलं, "कांदा चिरला गं." तिनं आजूबाजूला पाहिलं. "कांदा कुठंय?" मी गाणं पुढे रेटलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी मुलांना जपलं. उरामिचीच्या समोरची मुलं त्याचं ऐकून घाबरून पळत नाहीत. ऐकतात, त्याच्याकडे बघतात, कधी त्याचीच काळजी करतात. म्हणजे त्या दिवशी मी मुलीला जपलं नव्हतं. तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. अर्थात उरामिचीसारखं सगळं ओझं सहा वर्षांच्या पोरांपुढे ओतणंही बरं नाही. ते विनोदात शोभतं. पण 'अब्बा गेले, म्हणून रडले' एवढं तिला नक्की पेललं असतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आज बरं नाही का?"

"थकलेय थोडी."

तिनं मान हलवली आणि स्वतःच पावसाचं गाणं सुरू केलं. चाल पार चुकीची होती. मी नुसते हातवारे केले.