सशाचे उपकार

गेल्या भाऊबीजेला ताई आली, ती फाटकातच थबकली. नाकातोंडावर पदर धरून म्हणाली, "बाळ, दोन दिवस मला सर्दी आहे. मी घरात येत नाही. पाट अंगणातच मांड."

एवढ्याशा सर्दीचा इतका बाऊ कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण एक ससा आहे.

२०१४ साली माझी दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि ताईनं तिचं एक मला दिलं. लहानपणी स्वतःच्या वाटणीची चकली ती ज्या सहजपणे माझ्या ताटात टाकायची, त्याच सहजपणे! पण ताईनं दिलं तरी शरीरानं ते घ्यायला हवं ना? शरीर मोठं आपपरभाव पाळणारं. १९५४ साली बॉस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी मूत्रपिंडरोपण केलं, ते अगदी एकसारख्या जुळ्या भावांत. तिथं शरीराला परकं काही वाटलंच नाही. ताई माझी सख्खी बहीण खरी, पण जुळी नव्हे. त्यातून आजारपणात मला बऱ्याचदा दुसऱ्यांचं रक्त चढवलेलं, त्यामुळे माझं शरीर परक्यांविषयी अधिकच सावध झालेलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आधी तुमच्या पहारेकऱ्यांना दूर करू."

या कामी ससा आला. माणसाच्या थायमस ग्रंथीतल्या पेशी सशाला टोचतात. त्या परक्या पेशींविरुद्ध सशाचं रक्त प्रतिपिंडं तयार करतं. ती वेगळी काढून, शुद्ध करून रोग्याला देतात. १९६६ साली डॉ. थॉमस स्टार्झल यांनी हेच काम घोड्यांकडून करून घेतलं होतं. माझ्या वाट्याला गरीब ससा आला. चार दिवस ते औषध थेंबथेंब शिरेत जात होतं. पहिल्या दिवशी अशी हुडहुडी भरली की खाट वाजू लागली. पण रक्तातल्या पहारेकरी टी-पेशी भराभर नाहीशा झाल्या आणि ताईचं मूत्रपिंड माझ्या घरात सुखानं नांदू लागलं.

मला वाटलं, ससा चार दिवसांचा पाहुणा. आला तसा जाईल. तो गेलाही. त्याची प्रतिपिंडं काही महिन्यांत रक्तातून निघून जातात. पण त्यानं उठवलेला पहारा पुन्हा बसायला वर्षं लागतात. नवे पहारेकरी घडवणारी तालीम म्हणजे छातीच्या हाडामागची ती थायमस ग्रंथी. लहानपणी ती गजबजलेली असते. पुढं आक्रसत जाते आणि पन्नाशीला जवळजवळ ओस पडते. मग शरीर मागं उरलेल्या जुन्या शिपायांचीच संख्या वाढवतं. त्यांतही बाकीच्यांना हुकूम सोडणाऱ्या ज्या सीडी-४ पेशी, त्या कित्येकांत वर्षानुवर्षं कमीच राहतात. जुन्या शिपायांना नवा चोर ओळखू येत नाही. म्हणून मी लस टोचून घेतो, पण तिचा गुण इतरांइतका येत नाही. जिवंत जंतूंची लस तर मला वर्ज्यच. त्यावर रोजच्या गोळ्या उरलेल्या शिपायांनाही पेंगुळते ठेवतात. कर्करोगाची भीतीही इतरांहून जास्त, म्हणून तपासण्या चुकत नाहीत.

शिपाईच थोडे पडले की जुना चोरही डोकं वर काढतो. २०१८ साली माझ्या कमरेवर नागीण उठली. डॉक्टर म्हणाले, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? त्यांचेच हे विषाणू, इतकी वर्षं मज्जातंतूंच्या मुळाशी दडून होते." मला आठवलं, ताईला आणि मला कांजिण्या एकाच आठवड्यात आल्या होत्या. आईनं दोघांना एकाच चटईवर कडुलिंबाच्या पाल्यात निजवलं होतं. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, मग मला कशी नाही उठली?"

"तुझे पहारेकरी जागे आहेत."

"मग किडनीबरोबर तेही मागून घ्यायचेस!"

त्या रात्री कमरेची आग झोपू देईना, तेव्हा सशाचा राग आला. मग लक्षात आलं, की राग कशाचा धरायचा? ज्या डोळेझाकीमुळे ताईचं मूत्रपिंड माझ्यात नांदतं आहे, तीच डोळेझाक रोगालाही आत घेते. पाहुण्यासाठी दार उघडं ठेवलं, की चोराचंही फावतं. आपपरभाव सोडा, असं संत सांगत आले. मनाला ते साधलं तर माणूस मोठा होतो. शरीरानं तो सोडला, तर इतरांना त्याच्या दारात पहारा करावा लागतो. माझ्या घरी बायकोमुलं वेळच्या वेळी लस टोचून घेतात, ती स्वतःइतकीच माझ्यासाठी. आणि ताई फाटकात थबकते.

त्या संध्याकाळी तिनं पदर नाकाशी बांधून, हात लांब करून मला ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं. ज्या बहिणीनं मूत्रपिंड दिलं तिच्या ताटात काय घालावं, हे कोडं मला दर वर्षी पडतं. मी आपलं नेहमीचं पाकीट ठेवलं.

ताई पाकिटाकडे पाहून म्हणाली, "माझं झालं. पण त्या सशाची ओवाळणी?"

दुसऱ्या दिवशी मंडईत मी एक गाजर जास्त घेतलं.