खुडूक

चिंचपोकळीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोंबडीचं दुकान आहे. फळीवर खडूने तीन भाव लिहिलेले असतात : बॉयलर, इंग्लिश, गावठी. बॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवलेली, चाळीसेक दिवसांत दोन किलोची होणारी. इंग्लिश म्हणजे अंड्यांच्या फार्मवरची, अंडी आटली की विकायला काढलेली. गावठी या तिसऱ्या शब्दावर मात्र माझा विश्वास राहिलेला नाही. रंग तांबडा-काळा असतो, तुरा असतो, पण पाय बघावेत. नखं झिजलेली नसतात. उकिरडा कधी उकरलेलाच नाही. बहुतेक वेळा तीसुद्धा मशीनमध्येच निघालेली, गिरिराज नाहीतर वनराजसारखी. या जाती वाईट नव्हेत. बंगळूर आणि हैदराबादच्या सरकारी संशोधकांनी त्या परसात वाढाव्यात म्हणूनच तयार केल्या. पण आजीच्या कोंबड्या त्या नव्हेत.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. बाबा गिरणीत, आम्ही चाळीत, आजी गावी. बाबांची मनीऑर्डर घराची, कोंबडीचा पैसा मात्र आजीचा एकटीचा. त्याला आजोबासुद्धा हात लावत नसत. मिठामिरचीपासून माझ्या पाटीपर्यंत सगळं त्यातून. पाहुणा आला तर कोंबडा, बाळंतिणीला सूप, वर्षाची राखण द्यायची तर तोही खुराड्यातलाच.

आजीची कोंबडी बारा-पंधरा अंडी घालायची आणि मग खुडूक व्हायची. अंग फुगवून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसायची; हात लावला की टोच. वर्षाला पन्नास-साठ अंडी झाली तरी पुष्कळ. पण एकवीस दिवस ती जे बसायची, ते पाहण्यासारखं. दिवसातून एकदा दाण्या-पाण्याला उठणार, पुन्हा धावत डालग्यात. अंडी स्वतःच चोचीने फिरवणार. आजी सातव्या-आठव्या रात्री एकेक अंडं कंदिलापुढे धरायची. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर परत खाली, नाहीतर बाजूला. आणि कुणाची अंडी बसवायची हे ती ठरवायची. अंडी फोडून खाणारीची नाही. पिल्लं टाकून पळणारीची तर मुळीच नाही. कोंबडा कुठला ठेवायचा, तर किडा सापडल्यावर स्वतः न गिळता कोंबड्यांना हाक मारणारा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण आजचा शब्द वापरायचा तर आजी ब्रीडर होती.

चिंचपोकळीला उन्हाळ्यात स्टेशनाजवळ रंगीत पिल्लंवाला यायचा. टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं. पोरं वेडी व्हायची. पुष्कळ वर्षांनी कळलं की ते अंड्यांच्या हॅचरीतले नर. अंडी देणार नाहीत, अंगावर मांसही धरत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी माद्यांतून निवडून बाजूला काढलेले. एका मे महिन्यात मी त्यातली चार पिल्लं बुटाच्या खोक्यातून एसटीने गावी नेली. आजी हसली. पण रात्री अंधार पडल्यावर खुडूक कोंबडीच्या पोटाखालची चार अंडी काढून तिथं ही चार सरकवली. दिवसा केलं तर ती मारते, अंधारात आपलीच समजते. सकाळी कोंबडी बाहेर आली ती एक हिरवं, तीन गुलाबी घेऊन.

मला वाटलं होतं मशीनच्या पिल्लांना काही येणार नाही. तसं नव्हतं. दोन दिवसांत तिची हाक ओळखायला लागली. घार दिसली की ती घशातून बारीक आवाज काढायची, आणि ती चौघंही पानाखाली दबायची. रंग गेल्यावर पांढरीशुभ्र निघाली तेव्हा मात्र कठीण झालं. पांढरं घारीला लांबून दिसतं. दोन तिनेच नेली.

पुढे काकांनी पंचायत समितीकडून पांढऱ्या लेगहॉर्नच्या सहा तलंगा आणल्या. आजी खूश. रोज अंडं! पावसाळा म्हणू नका, थंडी म्हणू नका. वर्ष होत आलं तरी एकही खुडूक झाली नाही. आजीने डालग्यात पेंढा घालून दिला, अंडी ठेवून दिली. त्या बघून निघून जायच्या. एकदा ती म्हणाली, "ही अंडी देईल बाबा, पन कोंबडी नाय देयाची."

सगळा फरक या एका वाक्यात होता. खुडूक झालेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून हॅचरीवाल्यांना ती नको. पिढ्यानुपिढ्या तसल्या काढून टाकल्या तेव्हा वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारी कोंबडी तयार झाली. आजी नेमकं उलटं निवडत होती. बसणारी ठेवायची, न बसणारी कापायची. एकाच पक्ष्यातून दोघांनी दोन वेगळे पक्षी काढले.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. चाळ अर्धी रिकामी झाली, आम्हीही गावी गेलो. ती दोन वर्षं घरात रोख पैसा यायचा तो आजीच्या खुराड्यातून. बाबांना हे लागत असावं. गिरणी कामगाराला मशीनवर भरवसा, त्यांनी उधारीवर बॉयलरची शंभर पिल्लं आणली. गोठ्यात बल्ब लावला, खाद्याची पोती आली. पहिली खेप बरी गेली. दुसऱ्या खेपेला जूनच्या पावसात रात्री वीज गेली. गारठलेली पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढत गेली. सकाळी वरची जिवंत, खालची गुदमरलेली. बाबा पाटी भरभरून खड्ड्याकडे नेत होते. कोणी काही बोललं नाही. खाद्याची उधारी फेडायला आईच्या बांगड्या गेल्या.

म्हणून मी आजीच्या बाजूचा, असं कोणी समजू नये. पुढच्याच वैशाखात मानमोडी आली. आठ दिवसांत आजीच्या सतरा कोंबड्यांपैकी चौदा माना वाकड्या करून मेल्या. शेजारच्या वाडीत फार्मवरची पाखरं लस टोचलेली होती, ती राहिली. लशीची बाटली शंभर पाखरांची. फोडली की काही तासांत संपवायची. सतरा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? आणि चिंचपोकळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत पोरांच्या ताटात अंडं आलं ते आजीच्या कोंबडीने नव्हे. लहानपणी आम्ही तिघं भावंडं एक उकडलेलं अंडं दोऱ्याने कापून वाटून घ्यायचो. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ मध्ये, संपाच्याच वर्षी, अंडी उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली, आणि माझ्या मुलांनी दोरा पाहिला नाही.

चवीचं म्हणाल तर गावठीचा रस्सा वेगळाच, पण कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात आणि दातही धड हवेत. माझे आता नाहीत.

मागच्या गणपतीला गावी गेलो होतो. पुतण्याच्या बायकोने पन्नास अंड्यांचं मशीन घेतलंय. ओटीवरच ठेवलंय, आत दिवा, काट्यावर साडेसदतीस. अंडी गावठीच, आजीच्या खुराड्यातल्या त्या उरलेल्या तिघींच्या वंशातली. पिल्लांना मुंबईत गिऱ्हाईक आहे, बॉयलरच्या दुप्पट भाव. सकाळी ती मागल्या दारी एका कोंबडीला बादलीत पोटापर्यंत बुचकळत होती. कोंबडी फुगून ओरडत होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "खुडूक झालीय मामंजी. गार पाण्यात धरली की उतरते. बसली तर महिना फुकट, अंडी कोण देणार मशीनला?"

दोन दिवस बुचकळली तरी ती परत कोपऱ्यात जाऊन बसत होती, रिकाम्या जमिनीवर. तिसऱ्या दिवशी मी मशीनमधली पाच अंडी मागून घेतली आणि तिच्याखाली ठेवली.