सोंगाड्याचा नातू

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एका वर्षी महात्मा जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' नाटकातील काही भाग बसवायचे ठरले. जोशाच्या भूमिकेसाठी मुले भांडली. विदूषकासाठी मात्र एकही हात वर होईना. ज्याच्या नकलांनी सारे वसतिगृह हसते, त्या सातवीतल्या मुलाला मी विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मला सोंगाड्या नका करू. घरची माणसं येणार आहेत."

पन्हाळ्यावरच्या त्या थंडीच्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ते वाक्य माझेच होते. माझे आजोबा तमाशात सोंगाड्या होते. गवळणीत पेंद्या व्हायचे, वगात राजाचा हुजऱ्या. १९५६ नंतर आमच्या वस्तीने धम्म स्वीकारला, मेलेली गुरे ओढणे सोडले. आजोबांनी तमाशाही सोडला. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी विनोदाला प्रबोधनाचे साधन केले, हे मी वर्गात अभिमानाने शिकवीत होतो. आजोबांविषयी मात्र कोणाजवळ अवाक्षर काढले नव्हते.

शोकनाटकात विदूषकाचे काय काम, असे विद्यार्थी विचारतात. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये मुलींनी झिडकारलेल्या राजाबरोबर वादळात त्याचा विदूषक भिजत राहतो. राजाला तोंडावर मूर्ख म्हणण्याची मुभा त्याला आहे. पण तिसऱ्या अंकानंतर तो नाटकातून नाहीसा होतो, आणि तो कोठे गेला याची कोणी चौकशीही करीत नाही. हे वाचताना मला आजोबाच दिसतात. रात्रभर पाटलाची, सावकाराची खिल्ली उडवायची, सर्व गावाला हसवायचे आणि पहाटे गावकुसाबाहेरची वाट धरायची.

संस्कृत नाटकातला विदूषक बहुधा जन्माने ब्राह्मण, राजाचा मित्र आणि खादाड. जोतीरावांनी १८५५ मध्ये त्याला राजवाड्यातून काढून कुणब्याच्या दारात उभे केले. गरोदर बाईला ग्रहांची भीती घालून जोशी त्या भोळ्या जोडप्याला लुबाडतो आणि विदूषक त्या लबाडीचा एकेक पदर उलगडून दाखवितो. नाटकाचा शेवट शोकान्त नाही. ते जोडपे शिकायला निघते. पण मधला सारा भाग कोणाच्याही घरात घडलेली शोकांतिकाच आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडले.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला आजोबांविषयी सांगितले. आयुष्यात प्रथमच. त्याने लगेच विचारले, "ते कसं बोलायचे, सर? करून दाखवा ना." मला दाखविता येईना. इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाने घरातल्या कलावंताला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"मग मी माझ्या मनानं बोलतो," तो म्हणाला.

संमेलनात जोशाने कुणबिणीपुढचे गाठोडे उचलले, तेव्हा त्याच्या ऐटीला सभागृह खदखदून हसले. आमचा विदूषक हसला नाही. तो रंगमंचाच्या कडेला येऊन, काहीही न बोलता, लोकांकडे पाहत उभा राहिला. हे संहितेत नव्हते, मी शिकविलेलेही नव्हते. तिसऱ्या रांगेत त्याची आजी बसली होती. तिने तोंडाला लावलेला पदर हळूच खाली घेतला, आणि तिच्या आजूबाजूचे हसू एकेक करीत थांबले.