कडेला बसणाऱ्यांचा तास

२४ जून २०२५, मंगळवार

विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्राहून आठवडाभर उशिरा उघडतात, तरी मूर्तिजापुरातलं ऊन अजून उतरलेलं नाही. आज आठवीचा पहिला खेळाचा तास. मैदानावर नेलं की वर्गाचे आपोआप दोन भाग पडतात: चेंडूमागे धावणारे आणि लिंबाखाली जाऊन बसणारे. लिंबाखालची गर्दी नेहमी मोठी. जवळ जाऊन विचारलं, तर एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, आमाले कोनी घेतच नाई." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, यंदा पाऊस लांबला म्हणावं तसं त्यानं ते सांगितलं.

शाळेचा खेळ म्हणजे जिल्ह्याला जाणारा संघ, असं आपण सगळे धरून चाललो आहोत. मला ते मान्य नाही. गणिताच्या तासाला हुशार तेवढ्यांना फळ्यासमोर ठेवून बाकीच्यांना झाडाखाली पाठवलं, तर पालक शाळेवर चालून येतील. खेळाच्या तासाला हेच वर्षानुवर्षं घडतं आणि कुणी एका शब्दानं विचारत नाही. यंदा माझं काम लिंबाखाली.

८ जुलै

काळी माती. एक पाऊस पडला की आमचं मैदान संपतं. पायाला चिखलाचे एवढाले गोळे चिकटतात की पाऊल उचलत नाही. अशा दिवशी खेळाचा तास हमखास दुसऱ्या विषयाला दिला जातो. आज दिला नाही. सगळ्यांना व्हरांड्यात बसवून नाडी मोजायला शिकवली.

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, दोन बोटं हलकी ठेवायची. अंगठा ठेवायचा नाही, कारण त्याचीच नाडी बोटाला जाणवते आणि मोजणी चुकते. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चारनं गुणायचे. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. एकाला नाडी सापडेचना. मानेवर, जबड्याखाली बोटं ठेवायला लावली, तेव्हा तो एकदम गप्प झाला आणि डोळे मोठे करून मोजत राहिला. मग जागच्या जागी मिनिटभर उड्या, लगेच मोजणी, दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजणी. प्रत्येकानं आपापले तीन आकडे वहीत लिहायचे, शेजाऱ्याशी ताडून पाहायचे नाहीत.

तिसरा आकडा महत्त्वाचा. ठोके वाढतात सगळ्यांचेच. ते किती चटकन खाली येतात त्यावरून दमसास कळतो. वह्या पाहिल्या, तर सर्वांत लवकर खाली आलेली नाडी एका अशा मुलीची निघाली, जी आजवर कुठल्याच संघात नव्हती. ती रोज खेड्यावरून पायी येते, घरचं पाणीही तीच भरते. तिला याचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "म्हंजे माह्यं कायीज मजबूत हाये का?" मी हो म्हटलं. पुस्तकातला हृदयाचा धडा त्यानंतर दहा मिनिटांत झाला. प्रश्न विचारणाऱ्यांत लिंबाखालचे बरेच होते.

२८ जुलै, सोमवार

लोहाच्या गोळीचा वार. किशोरवयीन मुलामुलींची ही निळी गोळी: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आठवड्यातून एकदा. वाटप चोख होतं, नोंदवहीत सह्या होतात, आणि कितीतरी गोळ्या व्हरांड्यामागच्या गवतात सापडतात. पोरं खोडकर आहेत म्हणून नव्हे. गोळीनं शौचाला काळं होतं, कधी मळमळतं, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं. एकदा घाबरली की पुढची गोळी गालात ठेवतात. आज सगळं स्वच्छ सांगितलं: उपाशीपोटी घ्यायची नाही, वर लगेच चहा प्यायचा नाही, जेवणात लिंबू पिळलं तर लोह जास्त लागू पडतं. धावताना लवकर दम लागतो त्याचा रक्ताशी काय संबंध, हे नाडीच्या वहीमुळे समजावणं सोपं गेलं.

दुसरी गोष्ट मात्र सगळ्या वर्गापुढे बोलायची नसते. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं. २०२३ च्या १ जुलैला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तपासणी होते, कार्डं मिळतात. पण ते कार्ड घरच्या पेटीत राहतं आणि खेळाच्या शिक्षकाला पत्ता नसतो. या आजाराच्या मुलाला उन्हात फेऱ्या मारायला लावणं धोक्याचं आहे. त्याला पाणी वारंवार हवं, दमला की थांबायची मुभा हवी, आणि लोहाची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. अशी किती मुलं "आळशी" हा शिक्का घेऊन शाळा संपवत असतील, या विचारानं मला आजही संताप येतो. पालकसभेत प्रत्येक पालकाला बाजूला घेऊन विचारायचं ठरवलं आहे. पाळीच्या दिवसांत बसून राहणाऱ्या मुलींशीही वेगळं बोलले. खेळायचं, चालायचं की वेळ मोजायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि कारण कुणी विचारणार नाही. हा नियम मुलग्यांनाही लागू केला, म्हणजे कुणी उगाच उठून दिसणार नाही.

३० ऑगस्ट

वर्गाला घेऊन अमरावती. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहून पोरं हरखली. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये लावलेलं हे रोप. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथलंच पथक जर्मनीत गेलं आणि त्यानं तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. वऱ्हाडातून बर्लिन! त्या काळी तो प्रवास काय असेल, यावर परतीच्या गाडीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत चर्चा चालली.

मी मात्र मल्लखांबाजवळ रेंगाळले. एक लहानगी पहिल्यांदाच खांबाला भिडत होती. शिकवणाऱ्यांनी तिला वर चढायला सांगितलंच नाही. नुसती मिठी, पायांची कात्री, दोन श्वास, खाली. पुन्हा मिठी. तिसऱ्या खेपेला ती आपणहून वीतभर वर सरकली. त्यांनी फक्त खांबापाशी हात धरून ठेवला होता, बोलले काहीच नाहीत. शारीरिक शिक्षणाची पदविका घेताना मी अध्यापनाच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या. त्यातली प्रत्येक पायरी इथे एका वीतभर अंतरात दिसली.

१३ सप्टेंबर

अकोला, वसंत देसाई क्रीडांगण. खो-खोत आमच्या मुली दुसऱ्या फेरीत हरल्या. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला, ते मी समजू शकते. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पालक त्यासाठी विचारत असतात.

खो-खो मला सगळ्या खेळांत जवळचा वाटतो. पाठलाग करणारे नऊ, त्यातले आठ बसलेले, एकाआड एक उलट तोंडं करून. बसलेला प्रत्येक जण खेळात असतो. खो केव्हा पाठीवर पडेल सांगता येत नाही. जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि मुलींची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. हे सांगितल्यापासून वर्गात खो-खोला उधाण आहे. आमच्या तासाला मी एकच नियम वाढवला: सगळ्यांना एकेकदा खो मिळाल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा नाही. चपळ पोरं आधी चिडली. आता तीच ओरडून आठवण करतात, "थांब, त्याले भेटला नाई अजून!"

२० डिसेंबर

गाडगेबाबांची पुण्यतिथी, १९५६ साली ते अमरावतीजवळच गेले. त्यांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे गेलं, हे पोरांना ठाऊक असतं. ते शिकवायचे कसे, हे कमी जणांना माहीत. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत उत्तर त्यांच्याकडून काढून घ्यायचं. आरोग्याचा याहून चांगला तास मला माहीत नाही.

म्हणून आज पाण्याचा धडा तसाच घेतला. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. भूगर्भातलंच पाणी खारट. पुस्तक म्हणतं, पाणी उकळून प्या. एकीनं हात वर केला: "मॅडम, उकयलं तरी खारंच लागते." मग स्टीलच्या दोन चमच्यांत बोअरचं आणि नळाचं पाणी घेऊन मेणबत्तीवर आटवलं. बोअरच्या चमच्यात पांढरा जाड थर उरला, नळाच्या चमच्यात जेमतेम डाग. उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. हे मी सांगायच्या आत मागच्या रांगेतून आलं. पाठोपाठ प्रश्न सुरू झाले. आमच्या गावात नळ आहे, मग आठ-आठ दिवस पाणी का नाही? टाकी कोण धुतं?

२६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा असते. तिथे विचारायचे प्रश्न लिहून काढायला जे चौघं पुढे आले, ते जूनमध्ये लिंबाखाली बसलेले. टाकी शेवटची कधी धुतली, हा त्यांनी पहिला घेतला आहे. सोमवारी यादी मला दाखवणार आहेत.